मीन राशीतला सेतू

"आधी काळं सांग," केसकर मॅडम म्हणाल्या. "चमकणारं कोणीही सांगतं. काळं किती आहे आणि कुठे आहे, ते आधी."

मी लॅपटॉपवर वाकले. ऊन पडद्यावर येत होतं म्हणून शरयूकाकूंनी खिडकीला जाड चादर अडकवून दिली होती. सांगलीतल्या विश्रामबागेत, एप्रिलच्या भर सकाळी, आम्ही तिघी अंधार करून बसलो होतो.

"वरचा डावा कोपरा जवळजवळ पूर्ण काळा," मी म्हणाले. "खाली उजवीकडे काळं जरा कमी आहे. राखाडी... नाही, राखाडीही नाही. पाटी ओल्या फडक्यानं पुसली की वाळताना जशी दिसते ना, तसं."

"हे बरंय. पुढे."

मॅडमच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला होता. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, फक्त कडेकडेचं दिसायचं. म्हणून माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाच्या पलीकडच्या भिंतीकडे बघत. पहिल्या दिवशी तर कोण आलंय म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं.

मी तेव्हा आमच्या छोट्याशा खगोल संस्थेत पीएचडी करत होते. अजून विषयही नीट ठरला नव्हता. माझे गाइड हरेश्वर सामंत सर हे संस्थेचे संचालक, आणि मॅडमचे सगळ्यात लाडके विद्यार्थी. मॅडमची पंचाहत्तरी सर मोठ्या हौसेनं करत होते. सभागृह ठरलं होतं, गौरव अंक छापायला गेला होता, बाहेरगावचे पाहुणे यायचे होते. समारंभात मॅडम बोलणार आणि त्यांच्या मागच्या पडद्यावर आकाशातली चित्रं लागणार होती. "ती चित्रं तू त्यांच्यासोबत बसून तयार कर," असं सांगून सरांनी मला मॅडमकडे पाठवलं होतं. म्हणून मी रोज जयसिंगपूरहून एसटीनं यायचे. येताना भडंगाचा पुडा आणायचे, कारण मॅडमना ते फार आवडायचं आणि शरयूकाकूंना ते त्यांनी खाल्लेलं मुळीच आवडायचं नाही.

आमचं काम चालायचं एका नोटबुकात. म्हणजे वहीत नव्हे. ब्राउझरमध्ये उघडणारं पान ते. त्यातल्या चौकोनात पायथनच्या दोन-चार ओळी लिहायच्या, चालवायच्या, की उत्तर तिथेच खाली उमटतं. त्यात मी एक आकाशदर्शक जोडून घेतला होता. ओळ चालवली की चौकोनाखाली आकाशाची एक खिडकीच उघडायची. माउसनं ओढलं की आकाश सरकायचं, चाक फिरवलं की जवळ यायचं, लांब जायचं. पुढच्या चौकोनात सर्वेक्षणाचं नाव बदललं की तोच तुकडा दुसऱ्या दुर्बिणीतून, दुसऱ्याच प्रकाशात दिसायचा.

"आम्ही रात्रभर डोंगरावर कुडकुडायचो तेव्हा कुठे फोटोची एक काच मिळायची," मॅडम म्हणायच्या. "तिच्यावर एवढासा तुकडा. आणि तू भडंग खात अख्खं आकाश ओढतेस."

"तुम्हीपण खाताय की, मॅडम."

"हळू बोल. शरयू ऐकेल."

शरयूकाकू म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर या दोघी एकत्र राहत होत्या. "वन्सं, मला सगळं ऐकू येतं," असं आतून लगेच यायचं.

त्या सकाळी भडंगाला हात लावायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, "आज मीन राशीत जाऊ. आपल्या सेतूकडे."

मीन राशीतला सेतू आमच्या संस्थेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होता. त्याचा फोटो प्रवेशद्वारासमोर टांगलेला होता. दोन दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची दोन प्रचंड बेटं, आणि त्यांना जोडणारा एक पुसट, दुधी पट्टा. तो मॅडमनी तरुणपणी काचेवर भिंग धरून शोधला होता. एक दीर्घिका दुसरीला ओढते आहे आणि त्या ओढीत निसटलेल्या ताऱ्यांचा हा पूल झाला आहे, असं त्यांनी मांडलं होतं. त्यावरून त्यांचं नाव झालं, परदेशी बोलावणी आली, आणि सांगलीसारख्या गावात अशी संस्था उभी राहू शकली. गौरव अंकाच्या मुखपृष्ठावरही तोच फोटो होता.

मी आकाशातल्या त्या जागेचे आकडे टाकून ओळ चालवली. खिडकीत निळसर काळं आकाश आलं आणि मधोमध त्या दोघी. मला उगीच आनंद झाला. इतकी वर्षं फोटोत पाहिलेलं माणूस रस्त्यात भेटावं, तसा.

काळं सांगून झालं. मग मी एकेक दीर्घिका सांगितली. एक आडवी, गव्हाच्या दाण्यासारखी. दुसरी गोल, मधे पिवळट.

"आणि मधे?"

"आहे, मॅडम. पट्टा आहे. पुसट आहे, पण आहे."

मॅडमनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाल्या, "आता लांब जा. सावकाश."

मी चाक फिरवलं. दोन्ही दीर्घिका लहान झाल्या. पट्टा मात्र संपेना. गोल दीर्घिकेपाशी तो थांबायला हवा होता. तो तिच्या अंगावरून सरळ पुढे गेला होता आणि खाली उजवीकडच्या त्या ओल्या पाटीसारख्या भागात मिसळला होता.

"गप्प का झालीस?"

"बघतेय, मॅडम. अजून लोड होतंय."

"मग होईपर्यंत दुसरं सर्वेक्षण लाव. दूरच्या अवरक्त प्रकाशातलं. धूळ दिसते ते."

मी नाव बदललं, ओळ चालवली. चित्र तुकड्या-तुकड्यांनी भरत गेलं. सगळी खिडकी धुरानं भरली होती. उदबत्तीच्या धुरासारखे लांबच लांब धागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत वळत गेलेले. दोन्ही दीर्घिका त्यात कुठल्या कुठे हरवल्या होत्या. त्यांच्या जागा मी आधीच गोल करून ठेवल्या होत्या म्हणून कळल्या. त्या दोन गोलांमधून त्यातलाच एक धागा जात होता. तो कशालाही जोडत नव्हता, नुसता जात होता. आपल्याच आकाशगंगेतली, आपल्याजवळची धूळ होती ती. त्या दीर्घिका तिच्या मागे, कितीतरी दूर होत्या.

तेवढ्यात बेल वाजली.

सामंत सर आले होते. हातात मुखपृष्ठाचा छापून आलेला पहिला नमुना. "मॅडम, रंग बघा काय सुरेख उतरलाय!" असं म्हणत ते आत आले आणि मग जरा ओशाळले, कारण मॅडमना रंग कुठून दिसणार. शरयूकाकू म्हणाल्या, "आधी औषध, मग रंग. चला वन्सं," आणि डोळ्यांत थेंब घालायला त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

सरांनी माझ्या खांद्यावरून लॅपटॉपकडे पाहिलं. एकच क्षण. मग त्यांनी मला गॅलरीत यायची खूण केली.

"त्यांना सांगितलंस?"

"नाही, सर. आत्ताच दिसलं."

"मग बंद कर ते. जुनं चित्र लाव, जवळचं."

"पण सर, तो सेतू..."

"मला कळतंय काय आहे ते," सर दबक्या आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. उलट मी त्यांना इतकं केविलवाणं कधी पाहिलं नव्हतं. "हेमांगी, ऐक. मी वेंगुर्ल्याहून इथे आलो तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं. या बाईंनी मला घरात ठेवून घेतलं, जेवू घातलं, शिकवलं. त्यांनी लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, सगळं आयुष्य यात घातलं. आता डोळेही गेले. डोळे असताना त्यांनी जे पाहिलं तेवढंच त्यांच्याजवळ उरलंय. तेही काढून घ्यायचं? समारंभाच्या तोंडावर?"

"नंतर सांगायचं का मग?"

"नंतर मी बघतो. तू यात पडू नकोस."

ते धमकी देत नव्हते. पण माझी पाठ्यवृत्ती पुढे चालू ठेवायची की नाही हे त्याच महिन्यात ठरायचं होतं आणि सही त्यांचीच लागणार होती, हे मला त्या गॅलरीत उभ्या उभ्या आठवलं. खरं सांगायचं तर त्याहीपेक्षा त्यांचं बोलणंच मला पटत होतं. मी कोण? कालची पोर. माझ्या एका वाक्यानं एका म्हाताऱ्या बाईचं सगळं आयुष्य हलणार असेल, तर ते वाक्य न बोललेलंच बरं, असं वाटलं.

आम्ही आत आलो. मॅडम खुर्चीत येऊन बसल्या होत्या. औषधामुळे डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या पदरानं टिपत होत्या.

"हं. कुठे होतो आपण? लांब गेल्यावर काय दिसलं?"

"मॅडम, आधी हे मुखपृष्ठ..." सरांनी सुरुवात केली.

"हरेश्वर, तू बस. ती सांगतेय."

सर बसले. शरयूकाकू चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या. मॅडमची मान थोडी वाकडी झाली होती. नजर माझ्या कानापलीकडच्या भिंतीवर, आणि सगळा जीव कानांत. इतक्या दिवसांत मी सांगेन तेच त्यांचं आकाश झालं होतं. मी 'काळं' म्हटलं की काळं, 'पुसट' म्हटलं की पुसट. मी 'सेतू' म्हटलं असतं तर सेतू राहिला असता. ते इतकं सोपं होतं की त्याचीच मला भीती वाटली.

"मॅडम," मी म्हणाले, "काळं फार कमी आहे."

सरांनी मान खाली घातली.

"अवरक्त लावलंयस?"

"हो. सगळीकडे धूर आहे. म्हणजे धुळीचे धागे. वरून डावीकडून येतात आणि खाली उजवीकडे जातात."

"सेतू?"

"त्यातलाच एक धागा आहे, मॅडम."

"नीट सांग. दोन्ही टोकांना काय होतं?"

"टोकं नाहीत. तो गोल दीर्घिकेच्या पुढे जातो. आडवीच्याही पलीकडे जातो. मी खिडकी आणखी मोठी केली तरी तो चालूच आहे."

"किती मोठी केलीस?"

"पौर्णिमेचे चंद्र ओळीनं मांडले तर पुष्कळ मावतील एवढी."

मॅडमचे प्रश्न आता भराभर यायला लागले. धागा कुठे जाड होतो? दीर्घिकेपाशी जरा तरी वळतो का? नाही? साध्या प्रकाशातलं चित्र आणि हे एकावर एक ठेव, दोन्हीतला पट्टा तंतोतंत बसतो का? बसतो? मग म्हणाल्या, "आता दीर्घिकांच्या अंतरांचं कोष्टक उतरवून घे आणि यावर टाक. जवळच्या एका रंगात, लांबच्या दुसऱ्या. आमच्या वेळी त्यातल्या एकीचंच अंतर मोजलेलं होतं. दुसरी शेजारीच असणार असं मी धरून चालले होते."

मी नव्या चौकोनात ओळी लिहिल्या. एक कंस राहिला, तांबडी चूक आली, परत लिहिलं. मग आकाशावर रंगीत गोल पडले.

"मॅडम, आडवी निळी आहे. गोल दीर्घिका नारिंगी."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या शेजारी नाहीतच. गोल दीर्घिका खूपच मागे आहे."

शरयूकाकूंच्या हातातल्या चहावर साय धरली होती. मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी मोडणार. मी उठून त्यांच्याजवळ जायला लागले.

"बस," त्या म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, जणू स्वतःशीच, "सुटले बाई."

कोणालाच काही कळेना.

"हरेश्वर, मागच्या दिवाळीत मी तुला हेच विचारलं होतं. आठवतंय?"

"हो, मॅडम."

"नवीन सर्वेक्षणात आपला सेतू कसा दिसतो, असं विचारलं. तू म्हणालास, फार सुंदर दिसतो. मग बंगलोरचा तो आला होता, त्याला विचारलं. तोही म्हणाला, सुंदर. फोनवर आणखी दोघांना विचारलं. सगळे म्हणाले, सुस्पष्ट आणि सुंदर." त्या हसल्या. "अरे, माझे डोळे धड होते तेव्हा मलासुद्धा तो इतका सुंदर कधी दिसला नव्हता. तेव्हाच मनात पाल चुकचुकली."

"मॅडम, मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते मला कळतं रे. तू प्रेमानंच बोललास. पण डोळे गेल्यापासून माझ्याभोवतीची सगळी माणसं एकदम गोड बोलायला लागली. ते मला डोळे जाण्यापेक्षा जड गेलं. दिसत नाही ते नाही, पण मला कोणी काही खरं सांगेना. स्वतः बघून खात्री करावी तर बघता येत नाही. तेव्हापासून मी त्या एका शंकेत अडकून बसले होते. आणि तुम्ही माझ्या अंगावर त्याच सेतूसाठी शाल घालणार!"

सामंत सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मॅडमना ते दिसणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी हात पुढे केला, चाचपत सरांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "आता चहा पी. आणि तो समारंभ रद्दबिद्द करू नकोस. मला बोलायचंय."

मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या मागच्या भिंतीकडे वळून म्हणाल्या, "तुला भीती वाटली का गं?"

"खूप वाटली, मॅडम."

"मला कळलं. आवाज कापत होता. पण एकही शब्द तू पातळ केला नाहीस." मग म्हणाल्या, "माझ्यावर फार उपकार केलेस, बाळ."

शरयूकाकू चहा परत गरम करायला गेल्या, आणि त्या दिवशी त्यांनी भडंगाचा पुडा स्वतःच ताटलीत ओतून मॅडमपुढे ठेवला.

समारंभ ठरल्या दिवशी झाला. मुखपृष्ठ बदलायचं का, असं सरांनी विचारलं तेव्हा मॅडम नको म्हणाल्या. "चित्र तेच राहू दे. खालची ओळ बदल." सरांनी ओळ बदलून घेतली. 'आपल्याच आकाशगंगेतली धूळ, जिला मी सेतू समजले — नलिनी केसकर.' ती छापताना सरांना किती जड गेलं असेल, हे मला माहीत आहे.

व्यासपीठाच्या कडेला मला बसवलं होतं. पुढ्यात लॅपटॉप, मागे भिंतीएवढा पडदा. मॅडमनी तयार चित्रं लावू दिली नाहीत. "नोटबुकच उघड. लोकांसमोर एकेक ओळ चालव," म्हणाल्या. त्या बोलत गेल्या आणि मी चालवत गेले. आधी दोघी दीर्घिका. मग पट्टा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मॅडम म्हणाल्या, "आता लांब जाऊ," आणि मी चाक फिरवलं. टाळ्या हळूहळू थांबल्या. अवरक्त चित्र भरत गेलं तसं सभागृहात चिडीचूप झालं. त्या शांततेत, पडद्याकडे पाठ करून, एकदाही न अडखळता, मॅडमनी आपली चूक समजावून सांगितली. एवढाच तुकडा दिसायचा तेव्हा त्या कशा फसल्या, कोणती गोष्ट धरून चालल्या, ती कधी तपासायला हवी होती. मग म्हणाल्या, "हे मला हेमांगी शिरगुप्पे हिनं दाखवलं. माझ्या वयाच्या माणसाला नवीन काही दाखवणारं कोणी भेटणं, याहून मोठा सत्कार नाही."

अध्यक्षांच्या आधी सामंत सर उठले. त्यांचं भाषण लिहून आणलेलं होतं. ते त्यांनी खिशातच ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "मॅडमनी मला पुष्कळ शिकवलं. आज शिकवलं ते मला सगळ्यात उशिरा कळलं." आणि त्यांनी शाल मॅडमच्या खांद्यावर घातली.

दुरुस्तीचा लेख आम्ही त्याच उन्हाळ्यात पाठवला. मॅडमनी माझं नाव त्यांच्या नावाआधी घालायला लावलं. माझी पाठ्यवृत्ती चालू राहिली. सरांनी सही करून कागद स्वतः आणून दिला. मला विषयही मिळाला. दूरच्या आकाशासमोर येणारी ही जवळची धूळ ओळखायची कशी, यावरच मी पुढे पीएचडी केली आणि आजही माझं काम त्यावरच आहे. मॅडम आणखी सहा वर्षं होत्या. त्या असेपर्यंत सुट्टीला घरी आले की मी विश्रामबागेत जाऊन त्यांना आकाश सांगत असे. माणसानं माझ्या डोळ्यांवर इतका विश्वास टाकावा असं मी तोवर काहीच केलं नव्हतं. त्यांनी तो आधी टाकला आणि मग मी त्याला पुरी पडायची खटपट करत राहिले. आजही करते.

पण मला सारखी आठवते ती समारंभानंतरची दुपार. रिक्षात मी, मॅडम आणि शरयूकाकू दाटीनं बसलो होतो. मांडीवर हार, नारळ, शाल, आणि कोणीतरी दिलेली एक अवजड पितळी समई. कर्मवीर चौक ओलांडल्यावर मॅडम माझ्याकडे वाकल्या.

"सगळे म्हणतायत, भाषण फार छान झालं. लोक भारावून गेले होते. तू लोकांकडे तोंड करून बसली होतीस. चेहरे कसे होते, सांग."

मी शरयूकाकूंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनी मला 'छान होते म्हण' असं सांगितलं.

"निम्मे खरंच भारावले होते, मॅडम," मी म्हणाले. "काही जणांना वाईट वाटत होतं. अध्यक्षांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. आणि पहिल्या रांगेतले ते पांढऱ्या टोपीवाले आजोबा तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते."

मॅडम हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्यांना आवरेना. समई मांडीवरून घसरली, ती धरता धरता शरयूकाकूही हसायला लागल्या. रिक्षावाल्यानं वळून पाहिलं. मॅडमनी डोळे पुसले, माझा हात घट्ट धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.